एक वजन, पाच हालचाली : घरच्या घरी सर्वांगाचा व्यायाम

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

गेलं दीड वर्ष माझ्याकडे व्यायामाचं म्हणून एकच साधन होतं, १२ किलोची केटलबेल, म्हणजे वर धरायला कडी असलेला लोखंडी गोळा. अलीकडे तिच्या जोडीला वाळू भरलेली एक पिशवी आली आहे. वय ४३, काम दिवसभर बसून, आणि त्याआधी व्यायाम म्हणजे अधूनमधून चालणं, एवढंच. या एका वजनावर पायांपासून खांद्यांपर्यंत सगळं अंग कामाला लागतं हे अनुभवल्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं. माझं काय चुकलं तेही लिहिते, कारण ते कोणी आधी सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते.

सुरुवात मी बरेचजण करतात तशीच केली. दंडासाठी दहा, खांद्यासाठी दहा, पोटासाठी वीस. हात भरून यायचे, घाम यायचा, पण जमिनीवरून जड खोकं उचलायचं म्हटलं की कंबर कुरकुरायची ती कुरकुरायचीच. मग स्नायूंची यादी बाजूला ठेवली आणि दिवसभरात आपलं शरीर ओझ्याशी काय काय करतं ते लिहून काढलं. खाली वाकून उचलणं, बसणं-उठणं, ढकलणं, ओढणं, आणि हातात ओझं घेऊन चालणं. पाचच गोष्टी निघाल्या. पाचही एका वजनाने करता येतात.

उचलण्यासाठी डेडलिफ्ट. केटलबेल दोन पावलांच्या मध्ये ठेवायची आणि खुब्यातून वाकून उचलायची. बसण्या-उठण्यासाठी गॉब्लेट स्क्वॉट, म्हणजे वजन दोन्ही हातांनी छातीशी धरून बैठक. हा प्रकार डॅन जॉन या अमेरिकन प्रशिक्षकामुळे सगळीकडे पोचला. वजन पुढे असल्यामुळे मागे पडायची भीती जाते आणि पाठ आपसूक ताठ राहते, म्हणून नवशिक्यांना साधी बैठक जमत नसली तरी ही जमते. ढकलण्यासाठी जमिनीवर उताणं झोपून एका हाताने प्रेस, म्हणजे वजन सरळ वर ढकलणं, आणि ते नीट बसलं की मग उभं राहून डोक्यावर. ओढण्यासाठी एक हात खुर्चीवर टेकवून दुसऱ्या हाताने वजन कमरेकडे खेचायचं. शेवटी एका हातात वजन घेऊन सरळ चालायचं.

हे चालणं दिसायला काहीच नाही. पण वजन एका बाजूला लोंबकळत असताना अंग तिकडे झुकू न देण्याचं काम दुसऱ्या बाजूच्या कुशीला करावं लागतं. पहिल्या दिवशी वजन माझ्या उजव्या हातात होतं आणि ४० पावलांत डावी कूस थरथरायला लागली. त्या जागी स्नायू आहेत हेच मला त्या दिवशी कळलं.

प्रत्येक हालचाल ८ वेळा, जिथे एका हाताचं काम आहे तिथे दोन्ही बाजूंनी, अशा तीन फेऱ्या. साधारण अर्धा तास लागतो. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून.

आता चूक. दुसऱ्याच आठवड्यात एक व्हिडिओ बघून मी स्विंग सुरू केला, म्हणजे केटलबेल पायांमधून मागे नेऊन छातीपर्यंत झोका देणं. खुब्यातून वाकणं अजून अंगात भिनलेलं नव्हतं. मी पाठीतून वाकत होते आणि वजन हातांनी वर ओढत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बूट घालायला वाकले आणि कंबर धरली ती धरलीच. तीन आठवडे चालण्याखेरीज काही नाही.

त्या तीन आठवड्यांनंतर काठी हातात घेतली आणि खऱ्या अर्थाने शिकले. काठी पाठीवर उभी धरायची, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांच्या मधली पाठ आणि माकडहाड, अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. मग गुडघे किंचित सैल ठेवून कुल्ले मागे ढकलत वाकायचं. तीनपैकी एक जागा सुटली की तिथेच थांबायचं. माझी काठी अगदी थोडं वाकल्यावरच माकडहाडावरून सुटायची आणि मला ते कळायचंही नाही. मुलगी शेजारी उभी राहून ‘सुटली’ म्हणायची. दहा-बारा दिवस रोज पाच मिनिटं हेच. मग भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभी राहिले आणि कुल्ल्यांनी भिंतीला शिवायला लागले. शिवता आलं की पाऊल थोडं पुढे. ज्या दिवशी मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला आणि कंबरेला काहीच जाणवलं नाही, त्या दिवशी पुन्हा वजन हातात घेतलं.

तुमच्याकडे कुठलं साधन आहे, काय जमतं, कुठे अडतं, नक्की लिहा.

वाटसरू_७

फार छान आणि प्रामाणिक लिहिलंय. वाचनखूण साठवली.

एक प्रश्न. माझ्याकडे जुने स्क्रूचे डंबेल पडून आहेत, चकत्या घालून प्रत्येकी १० किलोपर्यंत जातात. तेवढ्यावर भागेल की केटलबेलच हवी? आणि पहिल्यांदा वजन किती घ्यावं?

पाऊलवाट

@वाटसरू_७, भागेल, अगदी निर्धास्त सुरू करा. फरक एवढाच की डंबेलचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं असतं, तर केटलबेलचा गोळा मुठीपासून लांब असतो. त्यामुळे ती झोका घेते आणि डोक्यावर नेताना मनगटावर टेकते. वर लिहिलेल्या पाचही हालचालींना डंबेल चालतो. बैठकीसाठी तो उभा धरा, वरची चकती दोन्ही तळव्यांवर पेलून. डेडलिफ्टला दोन्ही हातांत एकेक घेतलात की २० किलो झाले. फक्त दर वेळी, न चुकता, स्क्रू आवळून बघा. दोन फेऱ्यांत ते सैल होतात, आणि झोपून प्रेस करताना चकती सुटली तर ती तोंडावरच येणार.

वजनाचं म्हणाल तर ओढण्याच्या हालचालीवरून ठरवा. खुर्चीला टेकून जे वजन अंग न पिळता ८ वेळा खेचता येतं आणि आणखी दोन वेळा जमलं असतं असं वाटतं, ते तुमचं पहिलं वजन. मी पाहिलेल्यांपैकी बहुतेक बायका ८ ते १२ आणि पुरुष १२ ते १६ किलोवर सुरुवात करतात. डोक्यावर नेण्यासाठी ते जड पडेल, पायांसाठी हलकं. एकाच साधनाची ही अडचण राहतेच, तिच्यावर मी अजून मार्ग शोधतेय.

लोहचुंबक

पाऊलवाट, त्या अडचणीवरच लिहायला आलो. मी सात वर्षं केटलबेल वापरतोय.

आधी थोडा इतिहास, कारण वजनांचे आकडे त्यातून आले आहेत. रशियात पूड नावाचं जुनं माप होतं, १ पूड म्हणजे १६.३८ किलो. केटलबेल ही मुळात तिथल्या धान्याच्या तराजूतली वजनं. कामगार आणि शेतकरी ती उचलून ताकद आजमावू लागले आणि त्यातून खेळ झाला. म्हणून आजही १६, २४, ३२ किलो हे ठरलेले टप्पे दिसतात, म्हणजे एक, दीड आणि दोन पूड.

आता अडचण. केटलबेल बहुधा ४ किलोच्या पायऱ्यांनी मिळते. १२ वरून १६ वर जाणं म्हणजे एकदम एक तृतीयांश वाढ. बारबेलवर, म्हणजे दोन्ही टोकांना चकत्या लावायच्या लांब दांडीवर, ४० चे ४२.५ किलो केले तर वाढ जेमतेम ६ टक्के. त्यामुळे बारबेलवाल्याची ‘दर आठवड्याला थोडं वजन वाढवा’ ही पद्धत आपल्याला लागू पडत नाही. आपल्याला त्याच वजनाला जड करायला शिकावं लागतं.

मी ते या क्रमाने करतो. आधी आकडा ८ चा १२ वर नेतो, तिन्ही फेऱ्यांत. मग पुन्हा ८ वर येऊन खाली जाण्याचा वेग कमी करतो, मनात तीन आकडे मोजत. १२ किलोची बैठक तीन आकड्यांत खाली, तळाशी एक श्वास थांबून, मग वर, अशी ८ वेळा करून बघा, मांड्या पेटतात. त्यानंतर दोन पायांचं काम एका पायावर आणतो. एक पाय पुढे, दुसऱ्याचा चवडा मागे टेकवून बैठक. दोन हातांची डेडलिफ्ट एका हाताने. तुम्ही म्हणता तशी पायांना हलकी पडणारी केटलबेल इथे पुन्हा जड वाटायला लागते. फेऱ्यांमधली विश्रांती मी सर्वांत शेवटी कमी करतो. ती आधी कमी केली की धाप लागते आणि ताकदीचं काम मागे पडतं.

हळूहळू वाढवण्याची ही कल्पना बरीच जुनी आहे. प्राचीन ग्रीसमधला क्रोटनचा मिलो रोज वासरू उचलायचा आणि वासराचा बैल होईपर्यंत त्याची ताकद वाढत गेली, ही दंतकथा ऐकली असेलच. पण तिला रीतसर रूप दिलं ते थॉमस डेलॉर्म या अमेरिकन डॉक्टरने, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. जखमी सैनिकांच्या अशक्त पायांना तेव्हा हलके, पुन्हा पुन्हा करायचे व्यायाम देत. त्याने जड वजन, ठरावीक आकडा आणि दर आठवड्याला वाढ असं सुरू केलं आणि १९४५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आपण ‘दहाचे तीन सेट’ म्हणतो त्याची मुळं तिथे आहेत. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की त्याचे रुग्ण पहिलवान नव्हते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले लोक होते.

कोरी_पाटी

लेख आवडला, पण एक शंका मनापासून विचारते. मी आठवड्यातून चार दिवस धावते, घरी जोर आणि बैठका मारते. स्वतःच्या शरीराचं वजन आहेच की. मग हे लोखंड कशाला?

लोहचुंबक

@कोरी_पाटी, जोर मारता ते उत्तमच, ढकलण्याचं काम त्यात पूर्ण होतं. बैठकाही आहेत. पण यादीतल्या उरलेल्या तीन गोष्टी बघा. ओढायला लटकण्याचा बार लागतो, आणि पहिल्या पुलअपपर्यंत पोचायलाच अनेकांना कित्येक महिने जातात. खाली वाकून उचलणं आणि ओझं घेऊन चालणं हे तर ओझ्याशिवाय होणारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम (किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस) सांगितला आहे, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. धावण्याने पहिली अट पूर्ण होते. दुसरीसाठी पाठीकडची बाजू राहते आहे, एवढंच.

कोरी_पाटी

पटलं. पाठीकडचं खरंच काही होत नाही माझं. घरात एक जुनी पाठपिशवी आहे, तिच्यात पाण्याच्या बाटल्या भरून सुरू करते. १ लिटर म्हणजे १ किलो, हिशेबही सोपा.

चांदणवेल

मला दुसरीच अडचण आहे. केटलबेल खांद्याशी आणताना ती मनगटाच्या वर आपटते. हातावर अक्षरशः निळे डाग पडलेत. ऑफिसमध्ये दोघींनी काळजीने विचारलं काय झालं म्हणून. वजन ८ किलोच आहे.

लोहचुंबक

हे सुरुवातीला फार जणांचं होतं, आणि दोन गोष्टी सुधारल्या की थांबतं.

पहिली, पकड. तुम्ही बहुतेक हँडल घट्ट मुठीत, बोटांच्या मुळाशी आडवं धरता. खांद्याशी पोचल्यावर ते तळव्यातून तिरकं गेलं पाहिजे, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून करंगळीच्या खालच्या गादीपर्यंत. मग मनगट सरळ राहतं आणि गोळा हाताच्या बाहेरच्या अंगाला शांत टेकतो.

दुसरी, वाट. वजन अंगापासून लांबून गोल फिरून येत असेल तर ते मुठीवरून उलटून आपटणारच. ते अंगाला घासून वर आलं पाहिजे, जसं काही पोटापुढे भिंत आहे. आणि ते छातीपाशी पोचताना हात ढिला करून हँडलच्या आत पुढे सरकवायचा, हातमोज्यात घालावा तसा. गोळ्याने हाताभोवती फिरू नये, हाताने गोळ्याभोवती फिरावं.

डाग जाईपर्यंत वजन दोन्ही हातांनी उचलून खांद्याशी न्या आणि तिथून प्रेस करा. काही बिघडत नाही.

रिकामी_ओंजळ

पाऊलवाट, वाळूच्या पिशवीबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलंत! मी गेली चार वर्षं फक्त तीच वापरतेय, तेव्हा तिची बाजू मांडते.

कोरडी वाळू १ लिटरला साधारण १.६ किलो भरते. म्हणजे १० लिटरच्या बादलीभर वाळूचे १६ किलो झाले. ती थेट मोठ्या पिशवीत ओतू नका. जाड प्लॅस्टिकच्या छोट्या पिशव्यांत ४-४ किलो भरा, प्रत्येक पिशवी दुहेरी करा, तोंड पिळून चिकटपट्टीने घट्ट बांधा. अशा तीन-चार पुड्या मजबूत कापडी पिशवीत घातल्या की वजन हवं तसं कमीजास्त करता येतं. पुडीत थोडी जागा रिकामी सोडा. ठासून भरलेली पुडी वळत नाही आणि ताणाने फाटते. माझी पहिली पिशवी एकाच थराची होती. ती तिसऱ्या दिवशी खांद्यावरून टाकताना शिवणीतून उसवली आणि कित्येक दिवस घरभर वाळू सापडत होती. वाळू नीट वाळवून घेणंही महत्त्वाचं. ओलसर राहिली तर वास मारते.

या पिशवीचा गुण असा की तिला मूठ धरायला जागाच नाही. उचलताना ती घसरते, वजन एका टोकाला जातं, मग दोन्ही हातांनी कवटाळून पोटाशी घ्यावी लागते. लोखंडाचं २० किलो आणि वाळूचं २० किलो यांत वाळूचं कितीतरी जड लागतं. जमिनीवरून मांडीवर, मांडीवरून छातीशी, छातीवरून खांद्यावर, तिथून खाली. पुन्हा दुसऱ्या खांद्यावर. पाच-पाच वेळा केलं की पायांपासून बोटांपर्यंत काही उरत नाही. पेंगुळलेलं मूल उचलण्याशी याचं फार साम्य आहे. माझ्या मुलाला मी तो सात वर्षांचा होईपर्यंत झोपेत उचलून आत नेऊ शकले, त्याचं श्रेय मी या पिशवीला देते.

पाऊलवाट

@रिकामी_ओंजळ, किती छान लिहिलंत! पुड्यांची युक्ती मला माहीत नव्हती, माझी वाळू एकत्रच आहे. या रविवारी मोकळी करून वाटते.

शांतवेळ

मी वाचकच असतो एरवी. वय ६६. उच्च रक्तदाबाची गोळी सुरू आहे. हा धागा वाचून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हलक्या वजनाने जरूर करा, फक्त श्वास रोखू नका. माझ्यासारख्याने यातलं काय आणि कसं करावं? जमिनीवर झोपून करायचे प्रकार अवघड जातात, कारण उठताना कशाचा तरी आधार लागतो. खरं सांगायचं तर त्याचीच चिंता वाटते.

लोहचुंबक

काका, डॉक्टरांना विचारलंत ते फार चांगलं केलंत. श्वास कोंडून जोर लावला की त्या क्षणी रक्तदाब झपकन चढतो, म्हणून त्यांचा सल्ला शब्दशः पाळा. सोपी खूण अशी की जोर लावताना मोठ्याने आकडा म्हणायचा. बोलताना श्वास कोंडता येत नाही.

पाऊलवाट

शांतवेळ काका, माझ्या आईसाठी (वय ७०) आम्ही जे बसवलं ते सांगते, तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. बैठकीऐवजी खुर्ची. भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्यायची, आधी रिकाम्या हाताने ८ वेळा उठायचं-बसायचं, बसताना धपकन न बसता सावकाश. ते सहज झालं की छातीशी २ किलो धरायचे. जोर भिंतीवर हात टेकवून. खेचणं खुर्चीला टेकून, ३ किलोने. उचलणं जमिनीवरून न करता स्टुलावर ठेवलेल्या वजनाने. चालणं दोन्ही हातांत सारखं वजन घेऊन, आणि तोल सुधारला की एकाच हातात. ६५ च्या पुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटना तोल आणि ताकद दोन्हींवर भर देणारा व्यायाम आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस सुचवते. यात दोन्ही येतात. आईला हाडांच्या ठिसूळपणाचा त्रास आहे, म्हणून पाठ गोल करून वाकायचं काहीही आम्ही करत नाही.

आणि जमिनीवरून उठण्याची चिंता तुम्ही बोलून दाखवलीत, तर तेही व्यायाम म्हणूनच शिका. टर्किश गेट-अप म्हणून एक प्रकार आहे, त्यात हात वर ताठ धरून झोपलेल्या स्थितीतून उभं राहायचं असतं. वजन अजिबात नको. आधी कोपरावर, मग तळहातावर, मग पाय खालून मागे घेऊन एका गुडघ्यावर, मग उभं. पहिले काही आठवडे शेजारी खुर्ची आणि घरातलं कोणीतरी असू द्या.

वाटसरू_७

पाच आठवडे झाले, म्हणून कळवतो. डंबेल घेऊन आठवड्यात तीन दिवस, दोनदा खाडा झाला. पहिल्या दिवसानंतर दोन दिवस जिना उतरताना मांड्या धरायच्या, ते दुसऱ्या आठवड्यात संपलं. ओढणं ८ वरून १२ वर गेलं. काठीचा सराव अजून रोज करतो, माझीही माकडहाडावरून सुटायची. स्क्रू आवळतो!

पाऊलवाट, तुम्ही स्विंग पुन्हा सुरू केलात का?

पाऊलवाट

केला, पण चार महिन्यांनी. डेडलिफ्ट १२ किलोची २० वेळा कंबरेला काही न जाणवता होऊ लागली तेव्हा. आता एकच गोष्ट लक्षात ठेवते, की हात म्हणजे नुसते दोर. वजन वर जातं ते कुल्ले झटक्यात पुढे आल्यामुळे. मागे जाताना हँडल गुडघ्यांच्या वर, मांड्यांच्या आत राहिलं पाहिजे. ते गुडघ्यांखाली गेलं की कंबर ओढली जाते. १० चा एक सेट, मग पूर्ण विश्रांती. दहाव्याला आकार बिघडला तर पुढच्या वेळी ८ च. जोडे काढून करते, मऊ तळव्याच्या जोड्यांत पाय डुलतो.

शांतवेळ

पाऊलवाट ताई, लोहचुंबक, तुमचे आभार. खुर्चीवरून उठणं २ किलोसह १० वेळा होतं आता. मोठ्याने आकडे म्हणतो, नातही बरोबर मोजते.

गेट-अप सतरंजीवर रोज दोनदा करतो, दोन्ही बाजूंनी. नातीने कुठेतरी पाहिलं आणि माझ्या वर धरलेल्या मुठीवर तिचा बूट ठेवला, तो न पाडता उठायचं म्हणाली. डाव्या बाजूने तो उभं राहीपर्यंत टिकतो. उजव्या बाजूने पाय मागे घेताना दर वेळी पडतो. असं का होत असावं?

लोहचुंबक

काका, बहुतेक त्या क्षणी तुमची नजर खाली पायाकडे जात असणार, आणि नजर गेली की खांदा ढळतो. गुडघा टेकेपर्यंत डोळे बुटावरच ठेवून बघा. तरी पडला तर जमिनीवर टेकवलेला तळहात अंगापासून थोडा लांब घ्या, म्हणजे पाय मागे न्यायला जागा मिळेल. दोन दिवसांनी सांगा.

शांतवेळ

हात लांब घेतल्यावर जमलं. आज सकाळी दोन्ही बाजूंनी बूट वरच राहिला.